पुडा जरा उलटा करून वाचा

दुपारचे चार वाजले की माझ्या टेबलाचा ड्रॉवर उघडायचा. क्रीमच्या बिस्किटांचा पुडा, वाफाळता चहा, आणि बोलता बोलता सहा-सात बिस्किटं पोटात. सहाच्या सुमारास डोकं जड व्हायचं. घरी पोहोचल्यावर पोरांनी काही विचारलं तरी अंगावर धावून जायचो. कामाचा ताण, म्हणायचो. ताण होताच, पण पुड्याकडे कधी लक्षच गेलं नाही.

तुम्ही पुड्याकडे लक्ष द्या, एवढीच विनंती आहे.

लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा कित्येक वर्षं अभ्यास चालू आहे. 2017 मध्ये त्यातून एक गोष्ट पुढे आली. गोड पदार्थ आणि पेयांतून रोज 67 ग्रॅमपेक्षा जास्त साखर घेणाऱ्या पुरुषांना पाच वर्षांनी चिंता-नैराश्यासारखा त्रास असण्याची शक्यता, कमी साखर घेणाऱ्यांपेक्षा 23 टक्क्यांनी जास्त निघाली. आधीच उदास असल्यामुळे ते गोडाकडे वळले असतील का, हेही तपासलं. तसं दिसलं नाही. बायकांमध्ये मात्र हा संबंध आढळला नाही. 67 ग्रॅम फार वाटतात? 300 मिलीच्या दोन कोल्ड्रिंकमध्येच साधारण 60 ग्रॅम साखर जाते.

पुड्याच्या मागे घटक उतरत्या क्रमाने छापलेले असतात. मैदा, साखर, पामतेल पुढे. मग इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, म्हणजे पुन्हा साखरच. शेवटी इमल्सिफायर आणि कृत्रिम स्वाद, जे आपल्या फडताळात कधीच नव्हते. दर्शनी बाजूला ‘मल्टिग्रेन’ लिहिलं म्हणून भुलू नका.

ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांच्या गटाने नैराश्याच्या रुग्णांना उपचारांसोबत 12 आठवडे डाळी, भाज्या, फळं, मासे असं साधं जेवण घ्यायला शिकवलं. त्यांतले जवळजवळ एकतृतीयांश लोक नैराश्यातून बाहेर आले. नुसती गप्पांची सोबत मिळालेल्या गटात हे प्रमाण 8 टक्के होतं. प्रयोग छोटा होता, तरी मला धीर देऊन गेला.

सणाची पुरणपोळी खुशाल खा. रोजचा पुडा तेवढा हलवा, त्या जागी शेंगदाणे-फुटाण्यांची बरणी ठेवा. चहातली साखर अर्ध्या अर्ध्या चमच्याने उतरवा. आठवडाभर चहा पुचाट लागेल, मग जीभ रुळते.

नैराश्यासाठी चालू असलेली गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. दोन आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, तर डॉक्टरांना भेटा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं.