टेकोडे खा, पण रांधणारीवर आळ घेऊ नका



पावसाची झड लागून ऊन पडलं की विदर्भातल्या बाजारात टेकोडे येतात. कुठे यांनाच सात्या म्हणतात. वारुळाच्या पोटात वाळवी ही बुरशी जोपासते आणि पावसात तिचं छत्र वर येतं. शेतात याचं पीक काढता येत नाही, म्हणून भाव मटणाच्या बरोबरीचा. रानची भाजी खाण्यात कमीपणा काही नाही. ज्यांना ओळख आहे त्यांनी जरूर खावे.

अडचण वस्तीत येते. गावाकडची आजी वारूळ ओळखायची, जागा ओळखायची. आपण शहरात आलो आणि ती पारख गावीच राहिली. इथे नाल्याकाठी, रेल्वेरुळाशेजारी पांढरी छत्री दिसली की आपण म्हणतो, "टेकोडेच आहेत." विषारी छत्रीही पांढरी, देखणी आणि चवीला चांगली असू शकते. चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण निळा होतो, किड्याने खाल्लेली छत्री चांगली असते, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. सगळ्यात घातक जातीचं विष शिजवून, वाळवूनही जात नाही.

मी वॉर्डात असताना एक बाई दोन मुलांना घेऊन आली. उलट्या, जुलाब. काय खाल्लं विचारलं तर "वरणभात." खरं दुसऱ्या दिवशी बोलली. सासू म्हणेल, हिनेच विष घातलं, ही भीती. तो गेलेला दिवस फार मोलाचा होता.

कारण हे विष फसवं आहे. त्रास सहा ते बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा सुरू होतो. मग दुसऱ्या दिवशी उलट्या थांबतात, घरच्यांना वाटतं बरं झालं. आत यकृत निकामी होत असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दिसते, तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून छत्री खाल्ल्यावर त्रास झाला तर १०८ ला फोन करा. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका. उरलेली भाजी, कच्ची छत्री कागदात गुंडाळून सोबत न्या. ज्यांनी ज्यांनी खाल्लं, त्या सगळ्यांना न्या. बरं वाटलं तरी यकृताची तपासणी झाल्याशिवाय घरी येऊ नका.

महापरिनिब्बान सुत्तात चुंद लोहाराने तथागतांना सूकरमद्दव वाढल्याची कथा आहे. ते डुकराचं मांस होतं की अळंबी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण आजारी पडल्यावरही तथागतांनी आनंदाला सांगितलं, चुंदाला कोणी दोष देऊ नये, त्याच्या मनात पश्चात्ताप राहू नये.

आपल्या घरात रांधणारीला एवढा दिलासा आपण देतो का? तिला दोषाची भीती नसेल, तर ती पहिल्याच तासाला खरं सांगेल. जीव त्यानेच वाचतो.