जुना एचआरसीटी शोधा, हृदयाच्या धमन्या वेळेत तपासा



कोविडच्या लाटांमध्ये आपल्याकडे घरोघरी छातीचा एचआरसीटी काढला गेला. तेव्हा फोनवर पहिला प्रश्न असायचा, 'स्कोअर किती आला?' २५ पैकी ८, २५ पैकी १२, असे आकडे अनेकांना आजही तोंडपाठ आहेत. त्याच रिपोर्टात खाली आणखी एक ओळ असू शकते. तेव्हा ती वाचायला कोणाला सवड नव्हती. 'कोरोनरी आर्टरी कॅल्सिफिकेशन', म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत कॅल्शियम साचलंय. फुप्फुसं बरी झाली आणि फाइल कपाटात गेली. धमन्यांचा आजार मात्र आपोआप बरा होत नाही.

म्हणून एक डॉक्टर या नात्यानं कळकळीची विनंती करतो. घरातल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा असा जुना सीटी याच आठवड्यात शोधा. रिपोर्टात ते शब्द असतील तर तो घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जा. शब्द नसतील, पण सीडी जपून ठेवलेली असेल आणि डायबिटीस, बीपी किंवा तंबाखू यांपैकी काही मागे लागलेलं असेल, तर रेडिओलॉजिस्टना 'कोरोनरी पुन्हा एकदा बघता का?' असं विचारा. फुप्फुसांच्या सीटीत धडधडतं हृदय थोडं धूसर उमटतं, त्यामुळे बारीक ठिपके सुटू शकतात. ठळक साचलेलं कॅल्शियम मात्र त्यात दिसतं. ज्या तपासणीचे पैसे भरून झाले आहेत, तिचा उपयोग तरी पुरता करून घ्या.

घाई अशासाठी की हा आजार आपल्याला लवकर गाठतो. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासातली दक्षिण आशियाची आकडेवारी २००७ साली प्रसिद्ध झाली. पहिल्या हार्ट अटॅकचं सरासरी वय आपल्या भागात ५३ होतं आणि इतरत्र जवळपास ५९. त्रेपन्नाव्या वर्षी मुलांची शिक्षणं चालू असतात, घराचे हप्ते फिटायचे असतात.

आणि आपण निर्धास्त असतो कशाच्या भरवशावर? 'ईसीजी नॉर्मल, टू-डी एको नॉर्मल, स्ट्रेस टेस्ट निगेटिव्ह.' या तिन्ही तपासण्या उपयोगाच्या आहेत, पण त्यांचं काम वेगळं आहे. ईसीजी त्या घडीचे विद्युतसंकेत टिपतो. एकोत हृदयाचं पंपिंग आणि झडपा दिसतात, धमन्या आतून दिसत नाहीत. ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट बहुधा तेव्हाच बिघडते, जेव्हा धमनी इतकी अरुंद झालेली असते की धावताना रक्त कमी पडावं. पण कितीतरी अटॅक धमनी इतकी न अडवणाऱ्या, चरबीच्या लहान गाठींमुळे येतात. धमनीच्या भिंतीत साचलेल्या चरबीवरचं पातळ आवरण फाटतं, तिथे रक्ताची गुठळी होते आणि काही मिनिटांत वाट बंद पडते. म्हणूनच 'गेल्याच महिन्यात सगळं नॉर्मल होतं हो,' हे वाक्य आपल्याला इतक्यांदा ऐकावं लागतं.

कॅल्शियम साचलेली गाठ आधी पाहता येते. त्यासाठी 'कॅल्शियम स्कोअर' नावाची साधी तपासणी आहे. सीटीच्या टेबलावर झोपवतात, छातीला ईसीजीचे चिकट इलेक्ट्रोड लावतात, 'श्वास घ्या, रोखून धरा' अशी सूचना येते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या निवांत क्षणी मशीन चित्र टिपतं. सुई नाही, डाय नाही, ॲडमिट होणं नाही. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं लागतात. पडद्यावर करड्या हृदयावर धमनीच्या वाटेनं पांढरेशुभ्र ठिपके दिसले की ते कॅल्शियम. ते मोजण्याची पद्धत आर्थर ॲगॅटस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली मांडली. किरणोत्सर्ग साधारण १ मिलिसिव्हर्ट असतो, म्हणजे वर्षभरात निसर्गातून आपल्याला मिळतो त्याहूनही कमी.

स्कोअर शून्य आला, तर पुढच्या काही वर्षांत अटॅकची शक्यता बरीच कमी. १०० किंवा त्याहून वर गेला, तर कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी सुरू करावी असा डॉक्टरांचा कौल असतो. ४०० च्या वर म्हणजे टाळाटाळीला जागाच उरली नाही. एक इशारा मात्र ध्यानात ठेवा. कोवळ्या गाठीत कॅल्शियम नसतं. त्यामुळे तरुण वयात, सिगारेट ओढणाऱ्याला किंवा डायबिटीस असलेल्याला शून्य आला, तरी तो बेफिकिरीचा परवाना नव्हे.

ही तपासणी सरसकट सगळ्यांनी करायची नाही. जिथे धोका मधला आहे आणि गोळी सुरू करावी की नाही असा प्रश्न आहे, तिथे ती खरी कामाची. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टरांकडे हा विषय तुम्ही स्वतःहून काढा. गरोदरपणात बीपी किंवा साखर वाढलेल्या, पाळी लवकर गेलेल्या बायकांनीही काढावा. ज्यांचं स्टेंट किंवा बायपास झालं आहे, त्यांना या स्कोअरचा उपयोग नाही. स्टॅटिन चालू असताना दरवर्षी तो काढू नका. गोळीनं गाठ घट्ट होते आणि आकडा वाढलेला दिसून उगाच घाबरगुंडी उडते. गरोदर असाल तर सीटी नकोच.

चालताना छाती भरून येत असेल, चढावर दम लागून थांबावं लागत असेल, तर नुसता स्कोअर पुरेसा नाही. तिथे डॉक्टर सीटी कोरोनरी अँजिओग्राफी सुचवू शकतात. हातातल्या शिरेतून आयोडीनचा डाय देऊन धमन्या आतून पाहतात, हृदयापर्यंत नळी घालावी लागत नाही. त्याआधी किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासा आणि डायची ॲलर्जी असेल तर सांगा. स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या ४,१४६ रुग्णांवर 'स्कॉट-हार्ट' चाचणी झाली. तिचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१८ साली आले. नेहमीच्या तपासण्या झालेल्यांत हृदयविकारानं मृत्यू किंवा अटॅक ३.९ टक्के, तर जोडीला हा सीटी झालेल्यांत २.३ टक्के. स्टेंट-बायपासचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच राहिलं. फरक पडण्यामागे मोठा वाटा औषधांचा मानला जातो: सीटीत आजार दिसला आणि योग्य माणसाला योग्य गोळ्या मिळाल्या.

तेव्हा रिपोर्ट काढून फाइलला लावला, एवढ्यानं काही साधत नाही. एलडीएल, बीपी, साखर आटोक्यात आणा. मिसरी, गुटखा, सिगारेट आजच बंद करा. गोळी सुरू झाली तर 'आता बरं वाटतंय' म्हणून मनानं थांबवू नका. कंपन्यांना आणि गणेशोत्सव मंडळांना विनंती आहे की तपासणी शिबिरात नुसत्या ईसीजीवर 'नॉर्मल'चा शिक्का देऊन लोकांना घरी पाठवू नका. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल मोजा, घराण्याचा इतिहास विचारा आणि धोका दिसेल त्याला डॉक्टरांपर्यंत पोचवा.

शेवटचं आणि सगळ्यांत तातडीचं. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, अचानक लागलेला दम यांपैकी काही होत असेल, तर 'गॅस झालाय' म्हणत सोडा पिऊन वाट पाहू नका. सीटीची अपॉइंटमेंट घेत बसू नका आणि स्वतः गाडी चालवत निघू नका. पहिला फोन १०८ ला करा, बाकीचे सगळे नंतर.