माल मोजला, गाडीचं काय?

धुळ्यात वजनकाटा शोधत फिरावं लागत नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग इथं एकमेकांना छेदतात, सोलापूरचा रस्ताही इथंच येऊन मिळतो. त्यामुळे अवधानच्या एमआयडीसीत, बाजार समितीच्या आसपास, जिनिंगच्या फाटकात, नरडाण्याकडे जाताना पेट्रोलपंपाच्या बाजूला, कुठं ना कुठं भुईकाट्याची पाटी दिसतेच. कापूस, मका, कांदा, सळई, भंगार, सगळं त्यावरून जातं. पण भरलेली गाडी घाटात घालण्याआधी तिचं वजन तरी बघून घ्यावं, एवढ्याच कारणानं काट्यावर आलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

कारण आपल्याकडे काटा पैशासाठी असतो. भरलेली गाडी चढवायची, माल उतरवून रिकामी चढवायची, वजाबाकी करायची आणि भावानं गुणायचं. या वजाबाकीवर आपली नजर मोठी कडक. ड्रायव्हर-क्लीनर दोन्ही वेळेला केबिनमध्येच होते की एकदाच? मधल्या वेळात डिझेल भरलं का? तीनशे लिटर डिझेल म्हणजे अडीचशे किलो. ताडपत्री भिजलेली होती का? गाडी चढण्याआधी आकडा शून्यावर होता का? उसाच्या काटामारीवरून महाराष्ट्रात आंदोलनं झाली. भुईकाट्याची दरवर्षी वैधमापन खात्याकडून पडताळणी व्हावी लागते, हेही पुष्कळांना माहीत असतं. मालाच्या किलोसाठी भांडणारे आपण गाडीच्या टनांबद्दल मात्र ‘बसतंय ना, मग टाका’ म्हणून मोकळे होतो.

आणि इथं डोळा हमखास फसवतो. कापसाची गाडी दोन्ही बाजूंनी फुगून चालली की मागचा घाबरतो; प्रत्यक्षात सुट्या कापसाला जागा फार लागते, वजन त्या मानानं कमी. खडीचा डंपर मात्र कडेपर्यंत भरलेला नसतो, म्हणून तो हलका वाटतो. खडी-वाळू आपण ब्रासनं घेतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. खडी घनमीटरला साधारण दीड टन धरली तर ब्रासला सव्वाचार टन झाले. सहा चाकी गाडीला २०१८ च्या नव्या मर्यादेनुसार भरल्या वजनाची मुभा १८.५ टन. डंपर रिकामा सात टनांचा असेल तर तीन ब्रास टाकल्यावर पावणेवीस टन होतात. टाकणाऱ्याला वाटतं, अजून जागा आहे.

आमच्या नात्यातला एक जण ट्रॅक्टर-ट्रॉलीवर भाडी मारतो. मी त्याला विचारलं, ‘‘ट्रॉलीत कितलं भरनं रे भो?’’ तो म्हणाला, ‘‘काका, एक ब्रास.’’ मी म्हटलं, ‘‘टनात सांग.’’ तो हसला. ‘‘टनाचा हिशोब गिऱ्हाईक मागत नाही, मग मी कशाला ठेवू?’’ त्याचं चुकलं असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. भाडं ब्रासवर मिळतं, ब्रेक मात्र टनावर लागतात. त्यातून कित्येक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. मागचा सगळा रेटा पुढच्या ट्रॅक्टरनंच सोसायचा.

धुळ्याच्या माणसाला हे उगाळून सांगायची गरज पडू नये. मालेगावकडून येताना लळिंगचा घाट, सुरतेकडे जाताना कोंडाईबारी, चाळीसगावपलीकडे कन्नडचा घाट, आणि सेंधव्याकडून उतरताना बिजासन. कन्नडच्या घाटात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानं २०२३ च्या ऑगस्टपासून जड वाहनांना बंदी झाली. त्याच्या महिनाभर आधी, ४ जुलैला, शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाटेतल्या वाहनांना धडकत हॉटेलात घुसला आणि किमान दहा जणांचा जीव गेला. उतारावर गाडीचं वजन दीडपट असेल तर ब्रेकना पचवावी लागणारी उष्णताही दीडपट. ड्रम तापले की लायनरची पकड सुटते. मग पाय कितीही दाबला तरी उपयोग नाही.

कायद्याला हे ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याच्या ११४ व्या कलमानुसार अधिकारी संशयित गाडी पुढच्या वाटेपासून दहा किलोमीटरच्या आतल्या काट्यावर न्यायला सांगू शकतो. जादा वजन निघालं तर १९४ व्या कलमाखाली वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. शिवाय जादा माल उतरवायचा खर्च आपला. पण हे सगळं गाडी रस्त्यावर आल्यानंतरचं. गंमत म्हणजे १७४१ च्या सुमारास इंग्लंडात टोलच्या रस्त्यांवर गाडीसकट वजन करणारे काटे लागले, ते मुळात जड गाड्यांनी रस्ते खराब होऊ नयेत म्हणूनच. मालाचा भाव त्यातून काढणं हा आपल्या बाजाराचा उद्योग.

वजन बघायचंच तर नीट बघावं. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, आकडा लिहा. मग अख्खी गाडी. मग पुढची चाकं उतरवून फक्त मागची. पुढचा-मागचा मिळून बेरीज एकूण वजनाशी जुळली पाहिजे. नाही जुळली तर काट्याकडे चढणारा रस्ता समपातळीत नाही असं समजा. हे तीन आकडे का? सळईचा माल मागे सरकला तर एकूण वजन सतराच टन असलं तरी मागच्या एक्सलवर साडेबारा येऊ शकतात, आणि तिथली मर्यादा साडेअकरा आहे. दोन चाकी ट्रॉली असेल तर आधी नुसता ट्रॅक्टर, मग ट्रॉली जोडून पण तिची चाकं काट्याबाहेर ठेवून वजन करा. जे वाढेल तो हुकावरचा भार. त्यात ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवरचं वजन फार उतरलं, तर वळणावर स्टिअरिंग ऐकणार नाही.

लांब ट्रेलरवाल्यांना आणखी एक त्रास. जुने काटे नऊ-बारा मीटरचे. त्यावर त्यांची गाडी मावत नाही आणि दोन तुकड्यांत केलेलं वजन भरवशाचं नसतं. अठरा मीटरचा काटा कुठं आहे हे माल भरण्याआधीच विचारून ठेवलेलं बरं. बाजार समित्यांनी आणि एमआयडीसीतल्या काटेवाल्यांनी पाटीवर दराबरोबर काट्याची लांबी आणि क्षमता लिहिली तर ड्रायव्हरची निम्मी पायपीट वाचेल.

पण खरी गरज आहे ती भाडं देणाऱ्यानं पावती मागण्याची. ड्रायव्हरला ‘जास्त टाक’ म्हणणारे आपणच, आणि अपघातानंतर ‘ओव्हरलोड होती’ म्हणणारेही आपणच. पुढच्या वेळी खडी, मका किंवा घरचं सामान कुणाच्या गाडीत भराल, तेव्हा काट्याचे पैसे आपण द्या आणि एक्सलसकट आकडे बघून मगच गाडी हलवा. जास्त निघालं तर दुसरी खेप करा. भाडं थोडं वाढेल, तेवढंच.