अर्धविरामाचा दाखला आणि वेलांटीची वसुली

शुद्धलेखनाविषयीच्या चर्चासत्रांत अलीकडे एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. संगणकाच्या भाषेत एक अर्धविराम राहिला तरी सारा प्रोग्रॅम कोसळतो. निर्जीव यंत्र एवढी शिस्त मागते, तर मग मातृभाषेने ती का मागू नये? सभागृह मान डोलावते, अध्यक्ष समारोपात तेच वाक्य पुन्हा उच्चारतात आणि उत्तरपत्रिकेतील प्रत्येक वेलांटीमागे अर्धा गुण कापण्याच्या प्रथेला विज्ञानाचा पाठिंबा मिळाल्यासारखे होते.

हा दाखलाच मुळात लंगडा आहे. सी या भाषेत अर्धविराम गाळला तर प्रोग्रॅम अडतो, हे खरे. पण आज संकेतस्थळांचा दर्शनी भाग ज्या भाषेत लिहिला जातो त्या जावास्क्रिप्टमध्ये गाळलेले बहुतेक अर्धविराम भाषा स्वतःच गृहीत धरते. ते लिहावेत की लिहू नयेत यावर प्रोग्रॅमरांत वर्षानुवर्षे कडाक्याचे वाद झाले, आणि अर्धविराम न लिहिण्याचाच दंडक पाळणारे गट आजही आहेत. म्हणजे आमचे वक्ते ज्या प्रांतातून शिस्तीचा पुरावा आणतात, तिथे हाच मुद्दा मतभेदाचा आहे.

त्या प्रांतात शिस्तीसाठी जे साधन वापरतात त्याचे नाव ‘लिंट’. १९७८मध्ये बेल प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेतील प्रोग्रॅम तपासण्यासाठी ते तयार केले. लिंट म्हणजे कापडावर बसणारे सुताचे मोकळे तंतू. सोलापुरात हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. यंत्रमागाच्या शेडमधून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या केसांवर ते दिसतात. कापड विणून झालेले असते, टिकाऊही असते. हे तंतू तेवढे झटकायचे असतात. लिंट प्रोग्रॅम चालवत नाही आणि अडवतही नाही. तो लिहिलेला मजकूर वाचतो आणि संशयाच्या जागा दाखवतो. जावास्क्रिप्टसाठी डग्लस क्रॉकफर्ड यांचे जेएसलिंट २००२मध्ये आले. त्यात क्रॉकफर्ड यांची आवडनिवड हाच कायदा होता आणि त्यालाच लोक कंटाळले. २०१३मध्ये निकोलस झाकास यांनी ईएसलिंट सुरू केले. त्यात प्रत्येक नियम स्वतंत्र आहे, त्याला नाव आहे आणि तो ठेवायचा की काढायचा हे वापरणारा ठरवतो.

आमच्या महाविद्यालयात काही विद्यार्थी जुन्या दिवाळी अंकांची सूची जालावर आणण्यासाठी व्ह्यू या चौकटीत काम करत होते. मजकूर तपासायला म्हणून मी त्यांच्याबरोबर बसत असे. प्रकल्पाची उभारणी करतानाच व्ह्यू विचारते, ईएसलिंट हवे का? हो म्हटले की नियमांची एक फाइल तयार होते. पहिल्यांदा तपासणी चालवली तेव्हा पडदा तक्रारींनी भरून गेला. त्यानंतर मुलांनी जे केले ते आपल्या विभागाच्या बैठकीत मी कधी पाहिलेले नाही. एकेक नियम काढून त्यांनी विचारले: हा कशासाठी आहे?

आणि उत्तर मिळत होते. प्रत्येक नियमाचे एक पान असते. त्यावर नियमाचे कारण आणि चूक-बरोबर असे दोन्ही नमुने असतात. घटकाचे नाव एकाहून अधिक शब्दांचे असावे, असा व्ह्यूचा एक नियम आहे. का? तर एचटीएमएलचे स्वतःचे सर्व घटक एकशब्दी आहेत. उद्या त्यांत नवा घटक आला तर तुमच्या नावाशी त्याची टक्कर होऊ नये. मूळ घटकाच्या ‘अ‍ॅप’ या नावाला त्यातून सूटही आहे. नियमांच्या तीन पायऱ्या आहेत: बंद, इशारा आणि चूक. एखाद्या ओळीपुरता नियम मोडायचा असेल तर ओळीच्या वर तसे लिहिता येते आणि पुढे कारण नोंदवता येते. ज्या सवलतीची गरज उरलेली नाही तीही तपासणीत उघडी पडते.

त्याहून बोलका निर्णय २०२३मधला. रकाने, मोकळ्या जागा, अर्धविराम अशा मांडणीविषयक नियमांची जबाबदारी यापुढे आम्ही घेणार नाही, असे ईएसलिंटच्या कर्त्यांनी जाहीर केले आणि मूळ संचातील ते नियम कालबाह्य ठरवले. मांडणीचे काम प्रिटियरसारख्या साधनाने मुकाट करून टाकावे. आमच्या वक्त्यांचा तो लाडका अर्धविराम असा तपासनिसाच्या यादीतूनच बाहेर पडला!

आता आपल्या घरात पाहू. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२मध्ये स्वीकारले, १९७२मध्ये त्यांत चारांची भर पडली. वर्णमालेविषयी २००९मध्ये शासननिर्णय निघाला, पण लेखननियमांचा गाभा तोच राहिला. हे नियम करणारी माणसे आजच्या समर्थकांपेक्षा कितीतरी उदार होती. पात्राच्या तोंडी ‘असं केलं’ लिहावे आणि अन्यत्र ‘असे केले’, असा नियम त्यांनी केला. म्हणजे मजकुराच्या प्रकारानुसार नियम बदलण्याची सोय ठेवली. केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळाबरहुकूम छापावे, असे सांगून एक अख्खा कालखंड तपासणीतून वगळला. या दुसऱ्या नियमातली गंमत कोणी फारशी सांगत नाही. ‘निबंधमाला’ १८७४ची, जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ची. फुल्यांच्या व्याकरणाची टिंगल चिपळूणकरांनी केली, आणि त्याच चिपळूणकरांच्या नावाने आखलेल्या रेषेमुळे ‘गुलामगिरी’ एका वर्षाने बचावते. ‘शेतकऱ्याचा असूड’ मात्र रेषेच्या अलीकडे येतो, त्याला सूट नाही. ही रेषा का आखली याचे कारण नियमाच्या शेजारी लिहिलेले असते तर आज तिच्यावर वाद तरी घालता आला असता.

खरी अडचण ऱ्हस्व-दीर्घाची. ‘फूल’ दीर्घ, ‘कुल’ ऱ्हस्व. ‘गरीब’चे ‘गरिबाला’ होते, ‘शरीर’चे ‘शरीराला’च राहते. ‘कवी’ दीर्घ, ‘कविचरित्र’ ऱ्हस्व. यांतला भेद शब्दाच्या रूपात नाही आणि उच्चारातही नाही. तो शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला की नाही, यात आहे. शब्दाची वंशावळ विचारल्याशिवाय त्याला कोणती वेलांटी द्यायची ते ठरत नाही. मराठीत इकार-उकाराचा लांबआखूडपणा कानाला अर्थभेद म्हणून क्वचितच जाणवतो. अक्कलकोटकडून येणारी कन्नडभाषक मुलगी किंवा पूर्व भागातील तेलुगुभाषक मुलगा घरी अशी भाषा बोलतात जिथे स्वराची लांबी बदलली की शब्द बदलतो. त्यांचा कान आपल्यापेक्षा तयार असतो. ‘उच्चारानुसार लिहा’ हा आपला उपदेश ते प्रामाणिकपणे पाळतात आणि गुण गमावतात. अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ हाताशी असेल तर हे टळते. परीक्षेत तो न्यायची परवानगी नाही. प्रोग्रॅमरच्या हाती मात्र तपासनीस लिहितानाच असतो, चूक घडता घडता रेघ उमटते. आपण तीन तास साधन काढून घेतो, मग दंड करतो आणि वर त्याच प्रोग्रॅमरचे उदाहरण देतो.

नियमच नकोत म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. आमच्या सूचीत एकाने ‘कवि’ आणि दुसऱ्याने ‘कवी’ लिहिले तेव्हा शोध घेणाऱ्याला निम्म्याच नोंदी सापडल्या. चार जणांनी मिळून लिहायच्या मजकुराला एक ठरलेले रूप लागते. पण ते रूप ठरवून यंत्राकडून करून घेता येते. त्यासाठी कोणाला अडाणी ठरवावे लागत नाही.

तेव्हा प्रोग्रॅमरांचे उदाहरण द्यायचेच असेल तर पुरते द्यावे. प्रत्येक मराठी विभागाने आपली नियमांची फाइल लिहावी, एका पानाची. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा, ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब; अशा अर्थ पालटणाऱ्या जागा ‘चूक’मध्ये घालाव्यात. ‘गरीबाला’ हे ‘इशारा’मध्ये: लाल शाईने खूण करावी, गुण कापू नये. कथा-कवितेतील बोलीला तपासणीतून वगळावे. प्रत्येक नियमाशेजारी त्याचे कारण असावे, आणि ज्याचे कारण बैठकीत कोणालाच देता येणार नाही तो बंद करावा. परीक्षेच्या महिनाभर आधी हे पान सूचनाफलकावर लागावे, खाली ते लिहिणाऱ्या प्राध्यापकांच्या सह्यांसह. सह्यांवरूनच पहिला आक्षेप येईल, कारण आजवर गुण कापताना कोणाची सही लागत नव्हती.