स्वमग्न मूल आणि ‘हमखास’ इलाज

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम असलेल्या मुलाचा मी बाप आहे. नंदुरबारसारख्या गावी हे कळले की सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी गहू-दूध बंद करायला सांगतो, कुणी अंगातील धातू काढणारे सलाइन, तर कुणी मुंबईची स्टेम सेल. शेत विकण्याचाही विचार मनात येतो.

१९९९ साली अमेरिकेत ६० मुलांवर सिक्रेटिन या संप्रेरकाची चाचणी झाली. निम्म्यांना औषध टोचले, निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी. सुधारणा दोन्हीकडे सारखीच दिसली! मूल वाढतच असते, आणि आईबाप आशेने पाहतात. म्हणून ‘अमक्याला गुण आला’ हा पुरावा नव्हे.

धातू काढण्याच्या उपचारात २००५ साली तेथे पाच वर्षांचा मुलगा दगावला. स्वमग्नतेसाठी स्टेम सेलची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. कुपोषणाशी झगडणाऱ्या आपल्या जिल्ह्यात डॉक्टरांना न विचारता मुलाचे दूध तोडणेही बरे नव्हे.

पैसा आणि वेळ बोलणे, खेळणे, स्वतःचे स्वतः जेवणे शिकवण्यात घालवावा. तेथे चमत्कार नाही, पण फसवणूकही नाही. हमखास इलाज सांगणाऱ्याला पालकांनी एकच विचारावे : मिठाच्या पाण्याशी तुलना केली आहे काय?