जुने इंजिन आणि खोटे माप

जुन्या वस्तूंविषयीचे आपले प्रेम बहुधा शब्दांपुरतेच असते. प्रीमियर पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला, तेव्हा हळहळ व्यक्त करणाऱ्यांची उणीव नव्हती. परंतु ज्यांच्या दारी त्याच जातीची खाजगी गाडी अद्याप उभी आहे आणि जे ती चालती ठेवू इच्छितात, त्यांच्या अडचणीची विचारपूस कोणी केल्याचे दिसत नाही. ही अडचण भावनेची नाही, मापाची आहे.

खांदा कॉलनीत राहणाऱ्या एखाद्या गृहस्थाने वडिलांच्या पद्मिनीचे इंजिन नव्याने बांधावयाचे ठरवले, तर वरकरणी त्याला सारे अनुकूल आहे. मुंबई-पुणे रस्ता हाकेच्या अंतरावर, पनवेलला मिस्त्र्यांची वाण नाही, आणि खांदेश्वर स्थानकावरून हार्बरच्या गाडीने निघाले की ज्या कुर्ल्यात ही गाडी तयार होत असे त्या कुर्ल्यास पोहोचता येते. पण कारखाना बंद होऊन दोन दशके लोटली. जुन्या सुट्या भागांच्या बाजारात आता जे मिळते, त्याच्या खोक्यावर नाव योग्य असते, आतील वस्तू मात्र मापात असेलच असे नाही.

मापातील फरक म्हणजे नेमके काय, हे ध्यानात घेतले पाहिजे. पद्मिनीच्या १,०८९ सी. सी. इंजिनाचा बोअर ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर. बोअर आणि पिस्टन यांमधील मोकळीक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावी लागते. तापल्यावर ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या ब्लॉकपेक्षा सुमारे दुपटीने प्रसरण पावतो. म्हणून मोकळीक कमी पडली तर तो जाम होतो, अधिक झाली तर खडखडतो आणि गाडी निळा धूर ओकू लागते. रिंगेच्या दोन टोकांमधील फट अपुरी राहिली तर तापल्यावर टोके एकमेकांस भिडतात, रिंग तुटते आणि बोअरवर ओरखडे पाडते. गॅस्केटचे भोक पाण्याच्या वाटेशी जुळले नाही, तर हेड तापून वाकते. केसाच्या जाडीएवढी चूक अशा रीतीने हजारो रुपयांचे काम मातीत घालते, आणि दोष मात्र बिचाऱ्या मिस्त्र्याच्या माथी येतो.

ही स्थिती का ओढवली? जोवर मुंबईत पद्मिनीच्या टॅक्सी हजारोंनी धावत होत्या, तोवर त्यांच्या सुट्या भागांना बारमाही गिऱ्हाईक होते. टॅक्सी गेल्या आणि गिऱ्हाईकही गेले. मूळ आराखडा हाती नसलेला लहान कारखानदार झिजलेला नमुना समोर ठेवून नक्कल करतो, पुढचा त्या नकलेची नक्कल करतो, आणि प्रत्येक पायरीवर चुकीत भर पडते. तो फसवणूकच करतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. खरे माप त्याला कोणी दिलेलेच नसते.

मूठभर शौकिनांसाठी एवढी चिंता कशाला, असा आक्षेप येईल. तो वरवरचा आहे. शेतकऱ्याचा जुना डिझेल पंप आणि लहान कारखान्यातील जुना लेथ यांच्यापुढेही हेच संकट आहे. तिथे शौकाचा प्रश्न नसून पोटाचा आहे. शिवाय वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी स्थापन केली ती या देशात मोटारी घडवण्याच्या जिद्दीने. त्या उद्योगाची स्मृती केवळ छायाचित्रांत उरावी काय?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपात राखलेले वाहन ‘व्हीए’ या अक्षरांच्या क्रमांकाखाली नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठरवण्यात आले. इंजिनात वा सांगाड्यात फेरफार केलेले वाहन या सवलतीस मुकते. सत्तरच्या दशकाच्या आरंभीच्या गाड्या आता या वयाच्या झाल्या आहेत. मूळ इंजिनाचा आग्रह रास्तच आहे. परंतु मूळ मापाचा पिस्टन मिळाला नाही की वैतागलेला मालक दुसऱ्याच गाडीचे इंजिन बसवून मोकळा होतो. एका हाताने मूळपणाची अट घालावयाची आणि ती पाळण्याचे साधन मिळते की नाही हे पाहावयाचे नाही, यात विसंगती आहे.

उपाय फार खर्चाचे नाहीत. एखाद्या वाहनाचे उत्पादन थांबले की काही वर्षांनी त्याच्या भागांचे आराखडे सार्वजनिक संग्रहात जमा करण्याचे बंधन कारखानदारांवर असावे. दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी केंद्राने २०२२ साली समिती नेमली, आणि तिच्या विषयांत मोटारीही होत्या. बंद पडलेल्या कारखान्यांचा प्रश्न त्याच विचारात घ्यावयास हवा. सुट्या भागाच्या खोक्यावर केवळ ‘ओव्हरसाइझ’ असे न छापता प्रत्यक्ष माप, धातू आणि बनवणाऱ्याचे नाव असावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना जुने भाग मोजून त्यांचे नकाशे काढण्याचे काम दिले, तर शिक्षणही होईल आणि संग्रहही.

तोवर मालकाने एक पथ्य पाळावे. पिस्टन आधी विकत घ्यावा, मायक्रोमीटरने मोजावा, आणि मगच त्या मापाने ब्लॉकचे बोअरिंग करण्यास सांगावे. खोक्यावरील आकड्यावर विसंबून आधी ब्लॉक कापला, तर कापलेले बीड परत येत नाही. ही दक्षता व्यक्तीने घ्यावयाची आहे, परंतु खरे माप टिकवून ठेवणे हे समाजाचे काम आहे. ते आपण आणखी लांबणीवर टाकले, तर मापे माहीत असलेले हातही आपल्यातून निघून जातील, आणि मग इंजिने केवळ पाहण्यासाठी उरतील.