‘हंगाम खेळला गेला नाही’ : कर्ता हरवलेले एक वाक्य

खेळाचा चषक ही सहसा पाहण्याची वस्तू असते. आइस हॉकीचा स्टॅन्ले चषक मात्र वाचण्याचीही वस्तू आहे. दर वर्षीच्या विजेत्या संघातील खेळाडूंची नावे त्याच्या रुपेरी पट्ट्यांवर कोरली जातात. पट्टी भरली की जुनी काढून टोरंटोच्या संग्रहालयात ठेवतात आणि तिच्या जागी नवी कोरी पट्टी बसवतात. कॅनडाचे तत्कालीन गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांनी १८९२ साली देऊ केलेला हा चषक त्यामुळे एक वाढत जाणारा ग्रंथच झाला आहे. या ग्रंथात एके ठिकाणी एकाही खेळाडूचे नाव नाही. तेथे फक्त वर्ष आहे, २००४-०५, आणि त्याखाली एक त्रोटक वाक्य. मराठीत त्याचा अर्थ असा : हंगाम खेळला गेला नाही.

साहित्याच्या अभ्यासकांनी या वाक्याकडे थोडे थांबून पाहावे असे आम्हांला वाटते. वाक्यात खोटे काहीच नाही. त्या वर्षी नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे एनएचएलचा, एकही सामना झाला नाही, हे खरेच आहे. आमचा आक्षेप आहे तो वाक्याने जे सांगितलेले नाही त्याला.

आधी घटनाक्रम पाहू. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील करार सप्टेंबर २००४च्या मध्यावर संपला. १६ सप्टेंबरपासून संघमालकांनी टाळेबंदी जाहीर केली : नवा करार होईपर्यंत खेळाडूंना खेळही नाही आणि पगारही नाही. पाच महिने वाटाघाटी रेंगाळल्या. १६ फेब्रुवारी २००५ रोजी लीगचे आयुक्त गॅरी बेटमन यांनी न्यूयॉर्कमध्ये हंगाम रद्द झाल्याची घोषणा केली. ३० संघांचे मिळून १२३० साखळी सामने त्या वर्षी व्हायचे होते. उत्तर अमेरिकेतील एखाद्या मोठ्या व्यावसायिक लीगचा पूर्ण हंगाम मालक-कामगार तंट्यापायी बुडण्याची ती पहिलीच वेळ होती.

आकडा ३० संघांचा असला तरी नुकसान एकेका संघाचे होते. फ्लॉरिडातील टॅम्पा बे लाइटनिंग हा संघ घ्या. जेथे बर्फ पडत नाही, यंत्रानेच करावा लागतो, अशा उष्ण प्रदेशातला, १९९२ साली मैदानात उतरलेला हा नवखा संघ. ७ जून २००४ रोजी त्याने कॅल्गरी फ्लेम्सला सातव्या आणि निर्णायक सामन्यात २-१ असे हरवून पहिल्यांदा चषक जिंकला. कर्णधार डेव्ह अँड्रीचक याने त्या क्षणासाठी २२ हंगाम वाट पाहिली होती. विजेतेपद राखण्यासाठी उतरायचे ते पुढचेच वर्ष, आणि तेच वर्ष नाहीसे झाले. व्हिन्सेंट लकॅव्हलिये, ब्रॅड रिचर्ड्स आणि गोलरक्षक निकोलाय खाबिबुलिन रशियातल्या कझान शहराच्या संघाकडून खेळले. मार्टिन सँ लुई स्वित्झर्लंडमध्ये लोझानकडून. ऑक्टोबर २००५मध्ये लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा खाबिबुलिन शिकागोच्या संघात गेलेला होता. विजेता संघ हरला नव्हता. तो नुसता विखुरला होता. खेळाडूच्या आयुष्यात खेळण्याजोगी वर्षे मोजकीच असतात. त्यांतले एक वजा झाले की ते परत मिळत नाही.

तंटा होता वेतनमर्यादेचा. प्रत्येक संघाने वेतनावर करायच्या खर्चाला कमाल मर्यादा हवी, असे मालकांचे म्हणणे. लीगने नेमलेल्या आर्थर लेव्हिट यांच्या फेब्रुवारी २००४च्या अहवालानुसार २००२-०३च्या हंगामात लीगला २७.३ कोटी डॉलरचा तोटा झाला होता आणि उत्पन्नातील ७५ टक्के रक्कम खेळाडूंवर खर्च होत होती. संघटनेला हे आकडे मान्य नव्हते. तरीही डिसेंबर २००४मध्ये तिने चालू करारांतील वेतनात २४ टक्के कपात देऊ केली. शेवटच्या क्षणी मालकांचा आकडा प्रतिसंघ ४ कोटी २५ लाख डॉलर होता, संघटनेचा ४ कोटी ९० लाख. ६५ लाखांच्या या अंतरात हंगाम बुडाला. जुलै २००५मध्ये समझोता झाला तेव्हा पहिल्या वर्षाची मर्यादा ठरली ३ कोटी ९० लाख, म्हणजे फेब्रुवारीत नाकारलेल्या आकड्यापेक्षाही कमी. २४ टक्के कपात कायम राहिली. संघटनेचे प्रमुख बॉब गुडनाव यांनी त्याच महिन्यात पद सोडले. ३१० दिवसांच्या टाळेबंदीचा निकाल कोणाच्या बाजूने लागला, हे वेगळे सांगायला नको.

आता त्या वाक्याकडे वळू. ‘खेळला गेला नाही’ हा प्रयोग आपल्या व्याकरणकारांनी नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणून ओळखला आहे. यात ‘कडून’ लावून कर्ता सांगण्याची सोय असते, आणि तो गाळला तरी वाक्य अपुरे वाटत नाही. सोय अशी दुहेरी आहे. ‘मालकांनी हंगाम रद्द केला’ असे लिहिले असते तर पुढचा प्रश्न अटळ होता : का? ‘हंगाम खेळला गेला नाही’ असे लिहिले की प्रश्नच उरत नाही. किंबहुना ऐकणाऱ्याच्या मनात ‘खेळणे’ या क्रियापदाचा स्वाभाविक कर्ता, म्हणजे खेळाडू, आपोआप येऊन बसतो. खेळला गेला नाही, अर्थात खेळाडू खेळले नाहीत. ज्यांना बाहेर ठेवून कुलूप लावले, न खेळण्याची क्रिया त्यांच्याच नावावर जमा होते.

चषकावरच्या एका जुन्या नोंदीशेजारी हे वाक्य ठेवले की त्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. १९१९ साली माँट्रियल कॅनेडियन्स आणि सिअ‍ॅटल मेट्रोपॉलिटन्स यांच्यातील अंतिम मालिका इन्फ्लुएन्झाच्या साथीमुळे अर्धवट राहिली. माँट्रियलचे खेळाडू अंथरुणाला खिळले आणि त्यांच्यापैकी जो हॉल काही दिवसांतच दगावला. त्या वर्षासाठी चषकावर दोन्ही संघांची नावे आहेत आणि मालिका पूर्ण झाली नाही अशी नोंद आहे. तेथे कर्ता नसणे रास्तच. साथीला कोण कर्ता म्हणणार? २००५ साली मात्र साथ नव्हती, युद्ध नव्हते. होता तो एका सभेत घेतलेला निर्णय, आणि तोही साथीच्याच व्याकरणात कोरला गेला. पुढे १२ मार्च २०२० रोजी करोनाने लीग थांबवली. टोरंटो आणि एडमंटन येथे प्रेक्षकांविना उरलेले सामने खेळवून तो हंगाम सप्टेंबरमध्ये पूर्ण झाला, आणि चषक जिंकला तो टॅम्पा बे लाइटनिंगनेच. महामारीला जे साधले नाही ते एका कुलपाने साधले होते.

उलट बाजूही तपासून पाहावी. खेळाडूंनी स्वतः काम थांबवले तेव्हा इतिहासाने वाक्य कसे लिहिले? १९२५ साली हॅमिल्टन टायगर्सचा संघ साखळीत पहिला आला. सामन्यांची संख्या २४वरून ३० झाली होती, म्हणून खेळाडूंनी प्रत्येकी २०० डॉलर जास्त मागितले आणि ते मिळेपर्यंत पुढे खेळण्यास नकार दिला. लीगचे अध्यक्ष फ्रँक काल्डर यांनी त्यांना निलंबित केले, तेवढाच दंड ठोठावला आणि संघाचा हंगाम तेथेच संपवला. खेळाडू न्यूयॉर्कच्या नव्या संघाला विकले गेले. हॅमिल्टनला एनएचएलचा संघ पुन्हा मिळाला नाही. हा प्रसंग आजही ‘हॅमिल्टनच्या खेळाडूंचा संप’ म्हणूनच ओळखला जातो. तेथे कर्ता ठळक अक्षरांत आहे. एप्रिल १९९२मध्ये खेळाडूंनी १० दिवसांचा संप केला. तो मिटला आणि हंगाम पूर्ण झाला. त्यानंतर १९९४-९५ आणि २०१२-१३ हे दोन हंगाम प्रत्येकी ४८ सामन्यांवर आले, ते टाळेबंदीमुळे. तरीही अशा वर्षांबद्दल बोलताना सर्वसामान्य प्रेक्षकाच्या तोंडी अनेकदा ‘स्ट्राइक’ हाच शब्द येतो.

मालकांची बाजू आम्ही दुर्लक्षित करू इच्छित नाही. १९९२चा संप बाद फेरीच्या तोंडावर झाला होता. खेळाडूंचा बहुतेक पगार तोवर हाती पडलेला असतो आणि मालकांची मोठी कमाई त्यानंतर सुरू होते. कराराविना हंगाम सुरू केला तर तेच अस्त्र पुन्हा उपसले जाईल, ही भीती निराधार नव्हती. लहान शहरांतील संघांची ओढाताणही खरी होती. पण निर्णयाला सबळ कारणे असतील, तर तो ‘आम्ही घेतला’ असे म्हणायला संकोच का असावा? कर्ता सांगणे म्हणजे आरोप करणे नव्हे.

लक्षाधीश खेळाडू आणि अब्जाधीश मालक यांच्या भांडणात आपण का पडावे, असा आक्षेप येथे येईल. तो तेव्हाही पुष्कळ घेतला गेला. खेळाडूंचे सरासरी वार्षिक वेतन तेव्हा सुमारे १८ लाख डॉलर होते. त्यांच्यासाठी डोळ्यांतून पाणी काढा असे आम्ही म्हणत नाही. पण कुलूप लागले तेव्हा क्रीडागृहांतले द्वारपाल, खाद्यपदार्थ विकणारे, सफाई करणारे हेही बाहेर पडले. वाटाघाटींच्या मेजावर त्यांना जागा नव्हती आणि रशियात किंवा स्वित्झर्लंडमध्ये त्यांना कोणी बोलावणार नव्हते. कर्ता नसलेल्या वाक्यात नुकसान सोसणाराही नसतो. दोघेही एकाच झाकणाखाली जातात.

हे सारे मराठी वाचकाला फार दूरचे वाटू नये, याचे कारण ‘टाळेबंदी’ हा शब्दच आहे. २०२०पासून आपल्या वृत्तपत्रांत तो साथीच्या निर्बंधांसाठी रूढ झाला. त्याआधी तो कारखान्याच्या फाटकावरचा शब्द होता, आणि टाळे कोणी लावले हे त्यात गृहीत होते. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास आपण कोणत्या वाक्यांत सांगतो, तेही पाहावे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. ‘संपामुळे गिरण्या बंद पडल्या’ हे वाक्य आपण सहज उच्चारतो. त्यात कर्तेपण कामगारांकडे आहे. पुढे १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींची वाट मोकळी केली आणि मग, आपल्याच भाषेत, ‘जमिनी विकल्या गेल्या’, ‘टॉवर उभे राहिले’. टॉवर जणू पावसाळ्यातल्या गवतासारखे आपोआप उगवले! जयंत पवारांच्या ‘अधांतर’ या १९९७च्या नाटकाचे महत्त्व आम्हांला यासाठीही वाटते की त्याने त्या घटितांना घर दिले, माणसे दिली. हॉकीचा तंटा आणि गिरणीचा तंटा सारखे नाहीत. खेळाडूची सुबत्ता आणि गिरणगावातली उपासमार एका तागडीत घालणे अश्लाघ्य ठरेल. सारखी आहे ती वाक्यरचनेची सवय : कामगाराचे कर्म कर्तरी प्रयोगात, मालकाचे कर्मणीत.

२००५ सालीच ही सवय मोडणारे वाचन कॅनडात झाले. ऑन्टॅरिओतील काही हौशी खेळाडूंनी स्टॅन्ले यांचा मूळ विश्वस्त-दस्तऐवज काढून वाचला. चषक लीगच्या मालकीचा नाही. तो विश्वस्तांच्या स्वाधीन आहे आणि मुळात कॅनडातील अव्वल हौशी संघासाठी दिलेला आहे, हे त्यांनी दाखवले. मग लीग खेळत नसेल तर तो दुसऱ्या कोणाला का देऊ नये, असा सवाल घेऊन ते न्यायालयात गेले. २००६ साली तडजोड झाली : एखाद्या वर्षी लीगने स्पर्धा भरवली नाही, तर लीगबाहेरच्या संघाला चषक देण्याची मुभा विश्वस्तांना राहील. आम्हांला या प्रकरणाचे अगत्य आहे ते त्यातल्या रीतीमुळे. सर्वांनी गृहीत धरलेल्या अर्थावर न थांबता ही माणसे मूळ संहितेकडे गेली. साहित्याच्या वर्गात आपण दुसरे काय शिकवतो?

कर्मणी प्रयोग शिकवताना फळ्यावर ‘रामाने रावण मारला’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या लिहिले जाते, आणि लिहिले जावे. त्याखाली ‘हंगाम खेळला गेला नाही’ आणि ‘जमिनी विकल्या गेल्या’ ही दोन वाक्येही लिहावीत, अशी अध्यापक मित्रांना आमची विनंती आहे. प्रयोग ओळखा, एवढ्यावर प्रश्न थांबवू नये. ‘कोणाकडून?’ हा शब्द स्वतः विद्यार्थ्यांनी जोडावा आणि पुढची रिकामी जागा भरण्यासाठी कुठे शोध घ्यावा लागेल, तेही त्यांनीच सांगावे.